कुटुमसरच्या गुहेंत

संस्कृतांत ‘गुह्’ असा एक धातु आहे. झांकणें, लपविणें हा त्याचा अर्थ. गुहा, गुह्य, गूढ हे सारे त्याच्याच घरचे शब्द. हा धातु वर्गांत शिकवितांना मुलांच्या डोळ्यांपुढें वेरूळ-अजिंठा नाहींतर कार्ले-भाजें उभें राही, आणि तें साहजिकच होतें. परंतु तीं लेणीं म्हणजे माणसानें छिन्नी-हातोड्यानें कोरलेलीं घरें. आंत उजेड यावा म्हणून त्यांना मोठमोठीं दारें व गवाक्षें ठेवलेलीं. जिनें खरोखरच कांहीं लपवून ठेविलें आहे, अशी गुहा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांत क्वचितच आढळते. तशी एक गुहा गेल्या माघांत आम्हीं सहकुटुंब पाहिली. ती बस्तरमधील कांगेर नदीच्या खोऱ्यांत आहे. तेथें आम्हीं काय पाहिलें आणि काय पाहूनहि हात न लावतां परत आलों, तें वाचकांस सांगावें, म्हणून हा लेखप्रपंच.

बस्तर हा जुन्या दंडकारण्याचा भाग. नाशिकची पंचवटी ही त्या अरण्याची एक कड मानली, तर बस्तर ही दुसरी. भवभूतीनें उत्तररामचरितांत सीतात्यागानंतर रामाला पुन्हां ज्या अरण्यांत आणून उभें केलें, त्याचेंच हें नांव. रायपुराहून मोटारीनें सुमारें ३०० किलोमीटर दक्षिणेस गेलें म्हणजे जगदलपूर लागतें, आणि तेथून आणखी ४० किलोमीटरांच्या आसपास हें खोरें. १९८२ सालीं येथील सुमारें २०० चौरस किलोमीटर अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आलें. ‘उद्यान’ या शब्दावरून फुलांचे ताटवे व हिरवळ मात्र कोणीं मनांत आणूं नये. हें डोंगराळ रान आहे. साल, साग आणि बांबू यांनीं भरलेलें. तीरथगड येथें पाणी कड्याच्या पायऱ्यांवरून टप्प्याटप्प्यानें कोसळतें. माणसाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करणारी पहाडी मैना, जी छत्तीसगडचा राज्यपक्षी आहे, ती याच रानांत राहते. कांगेर नदी पुढें शबरीला मिळते आणि शबरी गोदावरीला. म्हणजे परक्या प्रांतांत आलों असें मनाला वाटूं लागावें, तों पायाखालचें पाणी आपल्याच गंगेकडे चाललेलें असतें.

भाषेचेंहि तसेंच. बाजारांत हलबी कानीं पडली, तेव्हां आमच्या घरांतील मंडळी चमकून पाहूं लागल्या. हलबींत मराठी, उडिया व छत्तीसगडी यांची मिसळण आहे. आणि आपल्या ‘चा-ची-चें’ चा सख्खा भाऊ शोभेल असा ‘चो’ हा तिचा षष्ठीचा प्रत्यय. ग्रियर्सननें आपल्या भाषा-पाहणींत हलबीला मराठीच्या खंडांत जागा दिली, ती उगीच नव्हे.

खोऱ्यांतले मूळचे रहिवासी मुख्यतः धुरवा जमातीचे. १९१० सालीं बस्तर संस्थानांत ‘भूमकाल’ नांवाचा मोठा उठाव झाला. जंगलें राखीव करून रहिवाशांच्या पिढीजाद वहिवाटीवर घाला घालण्याचें धोरण, हें त्याचें एक मुख्य कारण होतें. त्या उठावाचा पुढारी गुंडाधूर हा येथूनच जवळच्या नेतानार गांवचा धुरवा. हें एवढ्यासाठींच सांगितलें कीं, ज्या रानांत आपण चार घटका मौजेनें हिंडतों, त्यासाठीं कोणीं काय सोसलें आहे, हें पाहुण्यानें जाणून असावें. गुहेचा शास्त्रीय शोध भूगोलाचे प्राध्यापक डॉ. शंकर तिवारी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत केला, आणि त्यांच्या परिश्रमानें ती जगापुढें आली. तथापि तिला नांव आहे तें शेजारच्या कुटुमसर गांवाचें. तेव्हां गांवकऱ्यांस तिचें तोंड ठाऊकच नव्हतें, असें म्हणवत नाहीं.

आतां गुहा झाली कशी, तें पाहूं. येथला खडक चुनखडीचा आहे, यांतच सारें मर्म आहे. ही चुनखडी शंभर कोटी वर्षांच्या घरांतली. समुद्राच्या तळाशीं गाळ सांचून झालेली. त्या वेळच्या समुद्रांत मासासुद्धां नव्हता. पुढें समुद्र हटला, जमीन वर आली, तिच्यावर पाऊस पडूं लागला. पावसाचें पाणी हवेंतून येतांना, आणि त्याहूनहि अधिक कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातींतून मुरतांना, कार्बन डायऑक्साइड वायु बरोबर घेतें व किंचित् आम्ल होतें. जिभेला तें आम्लत्व कळायचें नाहीं. पण चुनखडीला तेवढें पुरतें. भेगाभेगांतून उतरणारें हें पाणी खडक विरघळवीत जातें, आणि युगानुयुगांनीं जी पोकळी उरते तीच गुहा.

त्यानंतर उलटा व्यवहार सुरू होतो. चुन्याचा अंश घेऊन आलेला थेंब छताशीं क्षणभर लोंबतो. त्यांतला वायु गुहेंतल्या हवेंत निसटतो. वायु गेला कीं चुना धरून ठेवण्याची पाण्याची शक्ति कमी होते, आणि डोळ्यांना न दिसणारा त्याचा एक कण छताला चिकटून राहतो. थेंब खालीं पडला म्हणजे उरलेल्यांतला कांहीं भाग जमिनीवर ठेवतो. छतावरून उतरतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनींतून चढतो तो ऊर्ध्वमुखी; आणि दोघांची गांठ पडली म्हणजे छताला टेंकलेला अखंड खांब होतो. नांवांत ‘लवण’ असलें, तरी हें जेवणांतलें मीठ नव्हे. चुन्याचा क्षार होय. वाढीचा वेग ठिकाणपरत्वें फार बदलतो. परंतु वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, हें माप ढोबळमानानें धरतात. या हिशोबानें एक वीत लांबीच्या स्तंभाला दोन हजारांहून अधिक वर्षें लागतात. शालिवाहन शक सुरू होण्याच्या आधींपासून जो थेंब-थेंब वाढत आला, तो आज कोठें वीतभर झाला आहे!

आम्ही पांच-सहा माणसें होतों: आमच्या वहिनी, आमची मंडळी, पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची अकरा वर्षांची कन्या. वाटाड्याशिवाय आंत जातां येत नाहीं. आमचा वाटाड्या धुरवा तरुण होता. हातांत बॅटरीचा मोठा दिवा, बोलणें मोजकें. गुहेचें तोंड डोंगराच्या कुशींतली एक अरुंद भेग आहे. अंग चोरून, वांकून आंत शिरावें लागतें, आणि मग पायऱ्यांनीं थेट खालीं. साठी उलटलेल्या गुडघ्यांना ती उतरण चांगलीच जाणवते. आंत गारवा असेल अशी समजूत बरोबर नेऊं नये. तेथली हवा वर्षभर अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते, आणि ओलसरपणामुळें घामाच्या धारा लागतात. थोडें उतरल्यावर दिव्याच्या प्रकाशांत एकदम मोठें दालन उघडलें. छतावरून उतरलेलीं झुंबरें, भिंतीवरून ओघळतां ओघळतां थिजल्यासारखे दिसणारे पडदे, देवळाच्या सभामंडपांतल्यासारखे खांब. आणि त्यांवर दिवा फिरला कीं बारीक स्फटिकांची लुकलुक. कोणीच बोलेना.

एके ठिकाणीं वाटाड्यानें आम्हांस थांबवून दिवा मालविला. आम्ही आजवर ज्याला अंधार म्हणत आलों, तो त्या मानानें संधिप्रकाशच म्हणावा. अमावास्येच्या रात्रींहि चांदण्यांचा कांहीं उजेड असतो. येथें डोळे उघडे आहेत कीं मिटलेले, हें बोटांनीं चाचपून पाहावें लागलें. दूर कोठें तरी थेंब पडत होता. मोजून पाहिलें, मध्यंतर प्रत्येक वेळीं सारखेंच. मुलीनें आमचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलें, “आजोबा, इथल्या माशांना रात्र झालेली कशी कळते?”

प्रश्न मार्मिक होता. कारण गुहेंतल्या डबक्यांत खरोखरच मासे आहेत. बोटापेक्षांहि लहान, तोंडाशीं मिशा असलेला, फिकट, जवळजवळ रंगहीन असा हा मासा. त्याचे डोळे आक्रसलेले. कांहींचे इतके कीं नसल्यातच जमा. त्याचें कूळ वाचून मात्र पुणेकरांस आश्चर्य वाटेल. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानें १८७२ सालीं पुण्याच्या नमुन्यांवरून एका लहान माशाचें वर्णन केलें, आणि कर्नल एव्हेझार्ड यांच्या नांवावरून त्याला ‘एव्हेझार्डी’ असें नांव दिलें. कुटुमसरचा मासा हें त्याच जातीचें गुहावासी रूप, असें अभ्यासक मानीत आले आहेत. पुण्याच्या पाण्यांतल्या माशाला डोळेहि आहेत आणि अंगावर पट्टेहि आहेत. त्याचा हा बस्तरचा भाऊबंद केव्हां तरी पाण्याबरोबर अंधारांत आला आणि तेथेंच राहिला. जेथें पाहावयाचें कांहीं नाहीं तेथें डोळा हा निरुपयोगी खर्च. पिढ्यानुपिढ्यांनीं तो कमी होत गेला. मिशा मात्र राहिल्या, कारण त्यांनीं चाचपून पोट भरतां येतें. रायपूरच्या अभ्यासकांनीं या माशांच्या हालचालींचा दिवस-रात्र मागोवा घेतला, तेव्हां दिवसाच्या फेऱ्याची खूण त्यांच्यांत अजूनहि कांहीं प्रमाणांत उरलेली त्यांस आढळली. मुलीला आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, त्याच्या पूर्वजांनीं सूर्य पाहिला होता, त्याची थोडीशी आठवण त्याच्या अंगांत आहे. तिला तें पटलें असावें, कारण दिवा लागल्यावर ती डबक्यापासून दोन पावलें मागें सरली आणि वाटाड्याला म्हणाली, “त्याच्यावर उजेड नका पाडूं.” त्याला मराठी येत नव्हतें, पण त्यानें दिवा वळविला.

गुहेच्या आंतल्या टोंकाशीं एक ऊर्ध्वमुखी स्तंभ आहे. त्याचा आकार शिवलिंगासारखा असल्यामुळें लोक तेथें हात जोडतात. आमच्या वहिनी या प्रवासास आल्या त्या मुख्यतः त्याच्यासाठीं. आमच्या वडील बंधूंनीं या गुहेविषयीं कोठें तरी वाचलें होतें, आणि एकदां गोदावरीचें पाणी नेऊन दंडकारण्यांतल्या या स्वयंभू लिंगावर घालावें, असें त्यांच्या मनांत होतें. तें राहून गेलें; ते जाऊन आतां दोन वर्षें झालीं. वहिनींनीं नाशिकच्या रामकुंडावरून पाण्याचा तांब्याचा गडू भरून, डाग देऊन आणला होता. सगळ्या वाटेनें त्यांनीं तो दुसऱ्या कोणाच्या हातीं दिला नाहीं.

लिंगापाशीं पोंचल्यावर त्यांनीं पिशवींतून गडू काढला. पुतण्या जरा अधीरपणें म्हणाला, “आई, हा चुन्याचा दगड आहे. यावर पाणी घालून काय व्हायचें आहे?”

“दगड आहे हें मला दिसत नाहीं काय?” वहिनी म्हणाल्या. “घरांतला शाळिग्राम काय लाकडाचा आहे?”

आम्ही गप्प होतों. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य होतें, आणि मृत मनुष्याची इच्छा ही शास्त्रीय युक्तिवादानें मोडून काढावयाची वस्तु नव्हे. तेवढ्यांत वाटाड्या हिंदींत म्हणाला, “माताजी, याला हात लावूं नये, वरून कांहीं घालूंहि नये. हात लागला म्हणजे याचें वाढणें थांबतें.”

वहिनींनीं त्याच्या हातून दिवा घेतला आणि तो अगदीं जवळ नेऊन पाहिलें. जेथें माणसांचे हात पोंचत होते तेथें स्तंभ मेणचट व काळपट झाला होता. वर, हाताबाहेर, तो ओला व पांढराशुभ्र होता. चूल, समई आणि देव यांची पन्नास वर्षें निगा राखलेल्या बाईला तेलकट हात आणि काजळी यांचा डाग ओळखावयास शास्त्र शिकावें लागत नाहीं. बराच वेळ पाहून त्या मुलाकडे वळल्या. “तूं म्हणतोस तें मला पटत नाहीं. हा म्हणतो तें पटतें. जो वाढतो आहे, तो दगड कसा? पंढरीच्या विठोबाचे पाय भक्तांच्याच हातांनीं झिजले, आणि मग त्याला वज्रलेप करावा लागला. इथें वज्रलेप कोण करणार?”

त्यांनीं गडू पिशवींत ठेवला, हात जोडून डोळे मिटले, आणि जी पूजा घरीं पाटावर बसून केली असती ती उभ्याउभ्या मनांतल्या मनांत केली. मानसपूजा ही आपल्या धर्मानें कनिष्ठ मानलेली नाहीं. पण ती करतांना वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें, आणि तें स्वस्तांत झालेलें नाहीं, हें आम्हांस दिसत होतें. आमच्या मागून येणारी दुसरी मंडळी तोंवर मुकाट्यानें थांबून राहिली.

बाहेर आल्यावर त्या कांगेरच्या कांठीं गेल्या. “ही नदी कुठें जाते, भाऊजी?” त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें कीं, ही शबरीला मिळते आणि शबरी गोदावरीला. “मग हरवणार नाहीं,” असें म्हणून त्यांनीं गडू पुढें केला. डाग पुतण्यानेंच फोडून दिला. त्या वेळीं तोहि कांहीं बोलला नाहीं.

हात लावूं नये म्हणतात, त्याचीं कारणें स्पष्ट आहेत. माणसाच्या कातडीवर सूक्ष्म तेलकटपणा असतो. तो स्तंभाला लागला कीं पाण्याचा ओघ त्यावरून निसटतो आणि नवा क्षार बसत नाहीं. दिवे फार वेळ जळले तर जेथें कधीं हिरवा ठिपका नव्हता तेथें शेवाळ धरतें. आपल्या श्वासानें हवेंतील वायूचें प्रमाण बदलतें, आणि थेंबाचा सारा व्यवहार तर त्या प्रमाणावरच अवलंबून. फ्रान्समध्यें लास्को येथील गुहेंत हजारों वर्षांपूर्वींचीं चित्रें सांपडलीं. ती गुहा १९४८ सालीं लोकांस खुली केली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १९६३ सालीं, ती बंद करावी लागली. पाहुण्यांच्या श्वासांनीं व दिव्यांनीं चित्रें बिघडूं लागलीं होतीं.

शिवाय या स्तंभांत जें लिहिलेलें आहे, तें अन्यत्र कोठेंहि नाहीं. याच खोऱ्यांत दंडक नांवाची दुसरी गुहा आहे. तेथील एका स्तंभाचे थर तपासून संशोधकांनीं इसवी सन ६०० ते १५०० या नऊशें वर्षांच्या पर्जन्यमानाचा आलेख तयार केला, आणि तो २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची रीत थोडक्यांत अशी. पाण्यांतल्या प्राणवायूचे परमाणु सर्व सारख्या वजनाचे नसतात. कांहीं हलके, कांहीं जड. पाऊस भरपूर झाला तर हलक्यांचें प्रमाण वाढतें, कमी झाला तर जडांचें; आणि त्या त्या काळीं बसलेल्या क्षारांत हें प्रमाण कायमचें नोंदलें जातें. थराचें वय काढतात तें त्यांतल्या युरेनियमचें थोरियममध्यें किती रूपांतर झालें, त्यावरून. या दप्तरांत चौदाव्या शतकांतील कांहीं काळ फार कोरडा दिसतो. आपल्या दख्खनच्या इतिहासांत १३९६ पासून सुरू झालेला ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ प्रसिद्ध आहे. गांवेंच्या गांवें त्यानें ओस पाडलीं. ज्यांच्या घरीं त्या दुष्काळाच्या कथा पिढ्यानुपिढ्या चालत आल्या, त्यांना हें ऐकून गहिंवरून येईल कीं, त्या काळच्या रुसलेल्या पावसाची साक्ष बस्तरच्या अंधारांत एका दगडानें जपून ठेविली होती. असा स्तंभ कोणीं शोभेसाठीं मोडून घरीं आणला, तर दिवाणखान्यांत एक खडा येईल आणि दप्तरांतलीं पानें जातील.

मार्च २०२५ मध्यें कांगेर खोऱ्याचें नांव जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आलें. उद्यानांतील धुडमारास या गांवाची त्याआधीं, २०२४ सालीं, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनें आपल्या ग्राम-उपक्रमासाठीं निवड केली. गांवच्या तरुणांस त्यामुळें काम मिळेल, ही आनंदाची गोष्ट. पण येणारांची गर्दीहि वाढेल. म्हणून जाणाऱ्या कुटुंबांस चार सूचना करून लेख संपवितों. वृद्धांनीं काठी व हलके कपडे घ्यावे. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे त्यांनीं बाहेरच बसावें, तीरथगडचें पाणी त्यांच्यासाठींहि आहे. उदबत्ती, कापूर, कुंकू व खाण्याचे डबे गुहेबाहेर ठेवावे. मुलांना आधींच समजावून सांगावें कीं, आंत हळू बोलावयाचें, कशालाहि हात लावावयाचा नाहीं आणि माशांवर दिवा धरावयाचा नाहीं. वाटाड्याचें ऐकावें, आणि त्याच्याशीं चार शब्द बोलावे. त्याला रानाची जी माहिती आहे ती कोणत्याहि पुस्तकांत मिळावयाची नाहीं.

जावयाचें तें हिवाळ्यांत. पावसाळ्याच्या तोंडीं गुहा बंद होते व साधारणतः कार्तिकाच्या सुमारास पुन्हां उघडते, कारण मधल्या महिन्यांत आंत पाणी भरतें. थेंबांचें मुख्य काम चालतें तें त्याच महिन्यांत, आणि त्या वेळीं तेथें कोणीहि नसतें.